थकव्याचं रिकामं वजन

हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, हे मला ठाऊक आहे. मलाच दोन दिवस पटत नव्हतं. तरी सांगतो. छबुबाईच्या हॉटेलात चहा उकळायला अजून वेळ आहे, आणि अर्धं चकलांबा गाव ऊस तोडायला गेल्यावर आम्हा चार म्हाताऱ्यांना दुसरं काम तरी काय?

दिवाळी झाली, टोळीचा ट्रक दारात लागायची वेळ आली. माझ्या अंगदचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. पण सून करिष्माला दिवस गेलेले. तिच्या जागी जायला उठली कोण, तर आमची वत्सला, अंगदची आई. साठी उलटलेली, गुडघ्याला सूज. मी मुकादमाकडं गेलो. विठ्ठलराव म्हणाले, "आप्पा, बाई थकलीय असा कागद आन. मी अंगदला दुसरा जोडीदार देतो."

आता थकवा कागदावर आणायचा कसा? पण नशीब बघा, त्याच आठवड्यात मोहिनी नावाची पोरगी गावात आली. मानसशास्त्र शिकलेली, ऊसतोड बायांचा थकवा मोजायला आलेली. फॉर्मांचा गठ्ठा एवढा, की गाडीचा बैल वाटेत दोनदा खाली बसला.

वत्सलाला ओट्यावर बसवलं, मी दाराआड. पहिला कागद पाच चौकटींचा. मोहिनीने वाचलं, "मला सकाळी उठावंसं वाटत नाही. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. यातलं काय?"

"वाटन्याचा काय संबंध, बाई? उठावंच लागतंय."

"पण काकू, वाटतं का?"

"उठावंच लागतंय, अशी चौकट हाय का त्यात?"

नव्हती. पोरीने पेनाने सहावी चौकट काढली. तेव्हापासून सगळ्या विद्यापीठांत सहा चौकटींचेच फॉर्म छापतात, विचारा कुणालाही.

मग शाईच्या डागांची चित्रं निघाली. "यात काय दिसतं, काकू?"

"शाई सांडलीय. फडकं आनू का?"

शेवटी निघाली शिडी. शून्य ते दहा. शून्य म्हणजे थकवा अजिबात नाही, दहा म्हणजे याच्यापुढं थकवाच नाही. वत्सलाने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आठ."

दाराआड मी हात जोडले. आठ म्हणजे कागद झाला! पण आमची बाई कुठली गप बसते. तिने आकड्यावर बोट ठेवलं. "थांब. हे भरल्यालं मोजलंस. रिकामं कवा मोजनार?"

पोरीला कळेना. वत्सलाने तिला समजावलं. कारखान्याच्या काट्यावर गाडी आधी उसासकट चढते. ऊस उतरवला की रिकामी चढते. भरल्यातून रिकामं वजा केलं की जे उरतं तो ऊस. तीस हंगाम तिने हेच बघितलेलं. "गाडीचंच वजन उसात धरलं तर लबाडी व्हईल, बाई."

मोहिनीने त्या आठाभोवती गोल काढला. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

झालं. बाईला रिकामं करायचं म्हणून झोपवलं. अकरा दिवस! गावातले कोंबडे टोपल्यांखाली झाकले. नारायणगडाला निघालेल्या भजनी मंडळींनी आमच्या दारावरून टाळ काखेत दाबून नेले. छबुबाईने स्टोसुद्धा पेटवला नाही.

"माजा स्टो कवा बंद होता हो?" छबुबाई चुलीपासून ओरडली.

"तुला आठवत न्हाई. तू बी झोपली होतीस."

बाराव्या दिवशी वत्सला उठली. मोहिनीने शिडी पुढं धरली. "काकू, आता किती?" वत्सलाने गुडघे चाचपले, मान फिरवून बघितली, खांदे हलवले.

"आठ."

आठातून आठ गेले. कागदावर काय आलं असेल ते तुम्हीच बघा. पोरगी रडायला लागली. तिने सरांना फोन लावला. सर रातोरात आले, वत्सलाकडं बघितलं आणि म्हणाले, "या बाईचं रिकामं वजनच आठ आहे. हिला मोजायचं नाही, झोपू द्यायचं. वर्षभर." सही केली, शिक्का मारला. तो कागद वाचून विठ्ठलराव मुकादमाने टोपी काढली. तेव्हापासून वत्सला घरी झोपलीय. म्हणून म्हणतो, जरा हळू बोला.

कुणी हसलं नाही. आमच्यातल्या सटवाने विझलेली बिडी पुन्हा तोंडात धरली. छबुबाईने माझ्यापुढं कप ठेवला आणि चुलीकडं वळली. बाकड्याच्या टोकाला ट्रकवाला बंकट बसला होता. टोळी उसाच्या फडावर सोडून तो सकाळीच परतलेला, डोळे जागरणाने लाल. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आप्पा, खोटं कावून बोलता?" तो म्हणाला. "शून्याचा कागद बगून मुकादम म्हनला, हिला काय धाड भरलीय, चढवा वर. काकूला परवा मीच फडावर उतरवलं. माज्या खांद्याला धरून उतरली ती."