संस्कृतीचं ताट

ताट घरून आणायचं, हा नियम माझा. बायांचा नाही, गावाचा नाही, माझा.

जऊळक्याजवळच्या या गावात बायांनी मिळून मुलांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. घराघरातून वाटीभर तुरीची डाळ यायची, वाडीवाले भाजी द्यायचे, तुळसाबाई चूल सांभाळायची. मी संस्थेकडून आलेली समाजकार्यवाली. म्हणजे पदवी माझी आणि धूर त्यांच्या डोळ्यांत. हे जेवण कुणाला भीक वाटू नये, प्रत्येक घराचा हात त्याला लागावा, म्हणून मी ठरवलं की पोरांनी आपापलं ताट आणायचं. वाशीमच्या बैठकीत या कल्पनेचं कौतुकही करून घेतलं. त्या टाळ्या अजून ऐकू येतात, मेल्या.

आषाढ सरता सरता एक मुलगी रिकाम्या हातांनी पंगतीच्या टोकाला येऊन बसली. सात-आठ वर्षांची संस्कृती. एका वाडीवर राखणीला नव्यानेच आलेल्या धनीबाईची लेक. मी म्हटलं, "जा, घरून ताट घेऊन ये." ती उठून गेली, पंगतीत परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भूक नसेल, असं मी मनात म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण म्हटलं.

पोळ्याच्या आधी ती तापाने गेली. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तर त्यांच्या खोपीत चुलीशेजारी एकच परात उपडी ठेवलेली. घरातले सगळे त्या परातीतच जेवायचे. ताट नव्हतंच.

धनीबाईनं माझा हात धरला. "तुमचे उपकार हायेत, उज्ज्वलाताई. महिनाभर माही पोरगी तुमच्याइथं पोटभर जेवली."

मी हो म्हणून मान हलवली.

धनीबाई उपकार फेडायला रोज भांडी घासायला येऊ लागली. पंगतीच्या टोकाची ती जागा मात्र रिकामी राहू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पोरं तेवढी सोडून बसत. एकदा मी पंगतीतल्या समीक्षाला मुद्दाम तिथं बसवलं. ती लगेच सरकली. म्हणाली, "इथं कोनीतरी बसलं हाय."

दिवाळीनंतर धनीबाईनं मंगरूळपीरहून नवं ताट आणलं. मधोमध नाव कोरून घेतलं होतं: कु. संस्कृती हिच्या स्मरणार्थ. तिनं ते त्याच जागेवर मांडलं. "वाढा ताई. ती जेवे तसं कोन्या लेकराले जेवू द्या याच्यात."

मी पळी खाली ठेवली. "धनीबाई, ती इथं एक घासही जेवली नाही. तिच्याजवळ ताट नव्हतं. मी तिला परत पाठवलं होतं."

ती ताटाकडे पाहूनच बोलली, माझ्याशी नव्हे. "पोरगी रोज दुपारी इकडंच ये. घरी येऊन सांगे, जेवली म्हून. ताट इथंच भेटत असन, असं मले वाटे. मंग तिच्या वाटची भाकर मी लहान्या पोराले देओ."

"हापशीपाशी बसून राहे," तुळसाबाई चुलीकडून हळूच म्हणाली. "मले वाटे, जेवून बसली."

धनीबाईनं मला शिव्या द्याव्यात, ताट फेकून मारावं, असं मला फार वाटत होतं. तिनं तसलं काही केलं नाही. ताटात वरण-भात वाढून घेतला आणि ते पुन्हा टोकाच्या जागेवर ठेवलं.

"बसा ताई. आता रोज याच्यात तुमी जेवा."

नियम त्याच दिवशी मोडला. आता ताटं इथंच असतात, कुणी परत जात नाही. मी टोकाला बसते. धनीबाई वाढते आणि माझं होईपर्यंत समोरून हलत नाही. भात सरत जातो तशी एकेक अक्षर उघडं पडतं, आणि शेवटच्या घासाखाली तिचं नाव असतं.

"आनखी वाढू?" धनीबाई विचारते. रोज विचारते.