दोन सड वासराचे

दुष्काळाच्या वर्षी कडबा संपला, म्हणून नुकतीच व्यालेली कपिली गाय मी परंड्याला धाकट्या भावाकडं, बब्रुवानकडं पाठवली. रीत ठरलेली होती: कासेचे दोन सड चरवीत पिळायचे, दोन वासराला सोडायचे. वासराच्या पाठीवर हात ठेवून त्यानं शब्द दिला, "अक्का, ह्याचं दूध म्या तोडणार न्हाय."

वर्षानं दोघं परत आली, तर वासराची हाडं मोजून घ्यावीत. दुष्काळ म्हणून मी गप्प बसले. त्याला पेंड घातली, हरण्या नाव ठेवलं. तीन वर्षांत असा भरला की कुणाचीही दृष्ट लागावी.

जुवाखाली घातला आणि माझं नशीब फुटलं. नांगराच्या तासाच्या टोकाला वळायचं महिनाभर त्याला कळेना. संध्याकाळी आपला गोठा सोडून शेजाऱ्याच्या दारात उभा. गाव हसलं: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मला झोंबलं, कारण कपिलीचाच थोरला सर्जा आठ दिवसांत शिकला होता. हा माजलाय, असं मी ठरवलं. घरचे मालक औतामागं, मी पुढं कासरा धरून. हातातली काठी थांबायची नाही. न शिकलेला बैल बाजारात कुणाकडं जातो, हे काय सांगायला हवं?

बैल शिकवणारे म्हातारे गोरोबाकाका दोन दिवस बघत बसले. म्हणाले, "कडूबाई, मारू नगंस. ल्हानपणी दूध तुटलं की मागनं घातलेली पेंड अंगाला लागती, डोस्क्याला न्हाय."

"माझ्या भावानं शब्द दिला होता!" मी त्यांच्यावरच उखडले.

भाऊबीजेला बब्रुवान आला. पाटावर बसला. तबक हातात धरूनच मी विचारलं, "किती सड पिळत होतास?"

आधी हसला. मग खाली बघत म्हणाला, "चारी. यष्टी स्टँडावरच्या हाटेलात दूध जायचं. तुझं जरीकाठी लुगडं त्यातनंच तर आणलं, अक्का. वाटलं, वासरू काय, मागनं भरून निघंल."

तेच लुगडं मी नेसले होते. भावाची माया म्हणून गावभर मिरवलं होतं. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. मी त्याला ओवाळलं नाही.

हरण्याला विकलं नाही. पेरणीला शेजाऱ्याचा बैल सावडीनं, कामाच्या बदल्यात घेतला. संध्याकाळी हरण्याला त्याच शेजाऱ्याच्या दारातून मीच आणते. हातात काठी नसते, भाकरी असते. तरी जवळ गेले की तो मान चुकवतो. माझ्याकडून तेवढंच शिकला.