तपासणीचे मासे

तपासणी आली की आपल्याकडं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. फरशी घासली जाते, भाड्याच्या कुंड्या येतात आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की सगळं पुन्हा होतं तसं! माधवनगरच्या त्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात तर मासेसुद्धा यायचे.

कारखान्याच्या भिंतीवर पर्यावरण व्यवस्थापन प्रणालीचं प्रमाणपत्र होतं. ते बघूनच परदेशी गिऱ्हाईक माल घ्यायचं. सांडपाणी शुद्ध होऊन जिथून ओढ्यात जायचं, तिथं काचेची एक टाकी होती. शुद्ध केलेल्या या पाण्यात मासे जगतात, हे पाहुण्यांना दाखवायची ती जागा. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी तिच्यात गुपचूप नळाचं पाणी भरलं जायचं. हे काम उदयसिंहांकडं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, इथं पर्यावरण विभागाचा प्रमुख. पहिल्या वर्षी त्यांना लाज वाटली होती. पुढं काहीच वाटेनासं झालं.

त्यांच्या थोरल्या भावाची, धनाजीची विहीर त्याच ओढ्याकाठी होती. मागच्या आठवड्यात तो कारखान्यात आला. "उदा, पाणी लय मचूळ लागतंय रं. म्हस तोंड लावंना." उदयसिंह म्हणाले, "बघतो." घरी गेले, जेवले, झोपले. धनाजीनं विहिरीवर पत्रा टाकला, तोही त्यांनी जाता-येता पाहिला.

यंदा रेश्मा नावाची नवी केमिस्ट लागली होती. तिला नळाच्या पाण्याची ही रीत कुणी सांगितलीच नव्हती! तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं नियमाप्रमाणं टाकीत शुद्ध केलेलं पाणी भरलं आणि मासे सोडले. सकाळी बघते तर मासे पोट वर करून तरंगत होते.

"मेलं व्हय? बरं," उदयसिंह म्हणाले. मोटरसायकल काढून विश्रामबागेतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले, पिशवीत नवे मासे घेऊन आले आणि टाकीकडं नळाची नळी ओढली. रेश्मा टाकीपुढं उभी होती.

"सर, सांडपाण्यातला रंग जातो, पण मीठ जात नाही. सुतावर रंग पक्का बसायला आपण पोत्यांनी मीठ ओततो, ते सगळं ओढ्यात जातं."

"म्हाईत हाय. पाव्हणं येत्यात, बाजूला हो."

"मग ही प्रणाली कशाला ठेवलीय? चुकतंय कुठं, ते कळायलाच ना! आपण चूकच झाकून ठेवतो, मग नवीन काही सुचणार कसं? जुन्या फायली बघा, दर साल त्याच सुधारणा उतरवून काढल्यात."

"पोरी, प्रमाणपत्र गेलं तर गिऱ्हाईक जाईल. कारखान्याला कुलूप लागंल."

"या माशांना तुम्ही नळाचं पाणी द्याल, सर. मागच्या आठवड्यात तक्रार घेऊन आलेल्या धनाजीकाकांच्या विहिरीत नळाचं पाणी कोण ओतणार?"

उदयसिंह थांबले. पाठीला भोपळा बांधून धनाजीनं त्यांना त्याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं. त्या पाण्याची चव त्यांनी आठवून पाहिली. आठवेना. आणि आठवत नाही याचं दुःखही होईना, तेव्हा मात्र तो जुना फौजी घाबरला. अरे, मला झालंय तरी काय!

त्यांनी नवे मासे नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडले आणि बादली बाजूला ठेवली. मेलेले मासे टाकीतच राहू दिले.

तपासणीला आलेल्या राजेश्वरीबाईंना त्यांनी सगळं खरं सांगितलं. बाईंनी प्रमाणपत्र रोखलं आणि सुधारणेला तीन महिने दिले. मालक लालासाहेब लालबुंद झाले. "उदयसिंह, बुडवलंसा आमाला!"

"व्हय मालक. पर आता झाकायला काय उरलं न्हाई. आता तरी कायतरी करू."

आणि खरंच, झाकायला काही उरलं नाही तेव्हाच डोकी चालायला लागली! प्रत्येक यंत्राचं पाणी आणि मीठ मोजलं. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळपास स्वच्छच निघत होतं. ते साठवून पुढच्या सुताच्या पहिल्या धुण्याला वापरलं. कमी मिठात बसणारे रंग रेश्मानं शोधले, आणि कुरकुर करत का होईना, लालासाहेबांनी ते मागवले. मुदतीत प्रमाणपत्र परत मिळालं. या वेळी त्याच्यामागं खरं काम होतं.

बंधूंनो, भगिनींनो, भिंतीवरचा कागद नदी-ओढे वाचवत नाही. व्यवस्था म्हणजे आरसा, तोंड बघायला टांगलेला. त्यात खरं तोंड बघाल, तरच ते धुवायची युक्ती सुचेल.

धनाजीच्या विहिरीवरचा पत्रा अजून निघालेला नाही. पाणी गोडं व्हायला काही पावसाळे जातील. टाकीत आता रोज शुद्ध केलेलंच पाणी असतं, आणि बादलीतले मासे त्यातच सोडलेत. परवा सकाळी त्यातला एक मासा मेलेला दिसला. उदयसिंहांनी तो तळहातावर घेतला आणि त्यांना वाईट वाटलं. लय दिवसांनी वाटलं. मग ते मीठ मोजायला आत गेले.