परस्पर कामं

ताईचं काम म्हणजे कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं. नीट चाललं तर कुणाच्या खिजगणतीतही नाही, आणि बंद पडलं की सगळे तिच्या नावानं शंख करणार. बरीच वर्षं तिनं ते निभावलं. जेवताना फोन, लेकीच्या शाळेत फोन. आंघोळीला गेली तरी नवरा दाराशी फोन धरून उभा.

मग साहेबांनी नवं काम गळ्यात घातलं. प्रोग्रामर मंडळींना सर्व्हर हवा, डेटाबेस हवा, तर त्यांनी आपला आपण घ्यावा. कुणाची मनधरणी करायला नको. त्यासाठी ताईनं एक पोर्टल उभं केलं. चार बटणं दाबली की काम फत्ते. करता करता तिचा पार पिट्टा पडला. आणि पोर्टलकडे कुणी फिरकेना.

का, ते एका दुपारी कळलं. पलीकडच्या टेबलावर मामा बसायचे. टीममधले सगळ्यात जुने. ताईला हे काम त्यांनीच शिकवलेलं. एक प्रोग्रामर त्यांच्या खुर्चीला टेकून लाडीगोडी लावत होती, "मामा, एक डेटाबेस द्या ना करून. ते पोर्टल कोण बघत बसणार!" मामांनी हसत हसत करून दिला.

ती गेल्यावर ताई म्हणाली, "परस्पर द्यायचं नाही असं ठरलंय ना?"

"साहेबांचं आणि तुझं ठरलंय. मी नुसती मान डोलावली."

"मग पोर्टल कशाला केलं मी?"

"तेच विचारतोय. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेयस. उद्या सगळं बटणंच करणार, मग तुला-मला कोण विचारतंय?"

भांडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. "कुणी विचारू नये म्हणूनच केलं," ती म्हणाली. "थकले हो मामा."

मामांनी खुर्ची पुन्हा स्क्रीनकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोर्टलशिवाय परस्पर करून द्यायचे टीममधल्या सगळ्यांचे अधिकार काढले. आधी स्वतःचे. मग मामांचे.

पुढे प्रोग्रामर मंडळींच्या नुसत्या शिव्या. मामांनी अबोलाच धरला. मग तीच प्रोग्रामर पुन्हा आली. मामांनी हात वर केले, पण तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ती अडखळत, चिडत बटणं दाबत होती, ते बघत राहिले. नंतर ताईच्या टेबलाशी येऊन, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझं तिसरं बटण कुणाच्या बापाला कळत नाही. 'प्रकार निवडा' म्हणे. कसला प्रकार? सरळ विचार ना, चाचणीला हवाय की गिऱ्हाइकांसाठी."

"अजून कुठे अडतात, ते सांगाल?"

"सांगतो की. रिकामाच तर बसलोय आता."

ताईनं बटणाची भाषा बदलली. हळूहळू लोक वापरू लागले, फोन थंडावले. साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मामा त्याआधीच चहाला उठून गेले होते.

त्या दिवशी ती उजेड असतानाच घरी पोचली. नवरा दचकलाच. "बरं नाही का?"

"बरी आहे."

ती आडवी झाली. अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण डोळ्याला डोळा लागेना. लेक येऊन पायाशी बसली.

"आई, सुट्टीवर आहेस?"

"नाही गं."

"मग?"

ताईनं उशाशी गप्प पडलेल्या फोनकडे बघितलं. तिनं सरकून लेकीला जागा करून दिली.