पंधरा मिनिटांची पँट

पैज लागली ती पाववाल्या मावशींच्या बेकरीसमोर, सकाळच्या चहाला. जो हरेल त्यानं पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत कापायचा आणि शाळा सुटायच्या वेळेला बेकरीपासून बसस्टँडपर्यंत भर रस्त्यानं चालत जायचं. पळायचं नाही. कुणाच्या आडोशाला लपायचं नाही.

"आणि कुणी विचारलं, हे काय सोंग, तर?" मावशींनी मुद्दा काढला.

"तर खरं काय ते सांगायचं. मोठ्यानं."

पैज लावणारे दोघं म्हणजे समोरासमोरचे दुकानदार. एक सुसाट मास्तर, शिंपी, वय बासष्ट. दुसरा टिकटिक, घड्याळजी. याचं स्वतःचं काम मात्र असं की सकाळी दिलेलं घड्याळ पुढच्या महिन्यात मिळालं तर नशीब.

वाद साधाच होता. आदल्या दिवशी एक नवा पोस्टमन गणवेशाची लांबलचक पँट घेऊन आला होता, आणि मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, उद्या या. ते टिकटिकनं समोरून ऐकलं.

"डोक्यावर बोर्ड कसला लावलायस रे? 'पँटची लांबी पंधरा मिनिटांत. बसा, घालून जा.' आणि तोंडानं म्हणतोस उद्या या! एक तर बोर्ड उतरव, नाही तर तोंड बदल."

"मला जमत नाही म्हणतोस?"

"पंधरा मिनिटांत? नाही जमणार. लाव पैज."

मास्तरांना राग आला, कारण हीच शंका त्यांना गेले सहा महिने छळत होती. वहिनी गेल्या (मास्तरांच्या बायकोला अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची) आणि हाताला जणू गंज चढला. लेक रोज फोनवर म्हणत होती, "बाबा, पुरे झालं. या महिनाअखेर कुलूप लावा आणि माझ्याकडे या." आणि मास्तर हो म्हणून बसले होते. आता ते मनाशी म्हणाले, चला, आजच काय तो निकाल लागू दे. पंधरा मिनिटांत झालं तर दुकान राहील. नाही झालं तर बोर्ड उतरवून ट्रंकेत टाकू आणि लेकीकडे नातवंडांची बटणं लावत बसू.

दुकानात येऊन त्यांनी इस्त्री लावली आणि दोऱ्याच्या बॉबिनी भरायला घेतल्या. काळी, निळी, तपकिरी. हे सगळं बायकोचं काम असायचं. ती दुकान उघडायच्या आधीच दोऱ्यांची रांग लावायची, म्हणायची, "गिऱ्हाईक दारात आल्यावर सुई शोधतो तो शिंपी कसला?"

पंधरा मिनिटांचं खूळसुद्धा तिचंच. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा कोपऱ्यावर सहा मशीनचं मोठं दुकान निघालं. काचेचं दार, आत पंखे, आरसा माणसाच्या दीडपट उंच. मास्तरांकडे एक मशीन आणि एक डुगडुगणारं स्टूल. सगळी गल्ली म्हणाली, गेला हा बिचारा. वहिनी मात्र दोन दिवस त्या दुकानासमोर भाजी निवडल्यासारखं करत उभ्या राहिल्या आणि बातमी घेऊन आल्या.

"तीन दिवस लावतात. पँट इंचभर कमी करायला तीन दिवस!"

"मग? मी दोन दिवसांत देतो."

"दोन नाही. बसल्या बैठकीला. पँट टाकून गिऱ्हाईक गेलं की परत येईपर्यंत चार दुकानांसमोरून जातं. त्यापेक्षा त्याला इथंच बसवायचं, पडद्यामागं, टॉवेल गुंडाळून."

"आणि ते उठून दुसरीकडे गेलं तर?"

"टॉवेलवर?"

मास्तर इतके हसले की हातातला खडू मोडला. त्याच आठवड्यात बोर्ड रंगला.

आणि काय दिवस होते ते! पडद्यामागं रोज कुणी ना कुणी टॉवेलवर बसलेलं. बँकेचे साहेब, बसचे कंडक्टर, एकदा तर बोहल्यावर चढायला निघालेला नवरामुलगा, आणि बाहेर त्याची वरात खोळंबलेली. मास्तर भिंतीकडे तोंड करून मशीनला भिडायचे. उसवणं, खूण, कात्री, दुमड, इस्त्री, शिवण. पाठीमागून वहिनींची बडबड चालू असायची, आणि शेवटी त्यांची आरोळी यायची, "चौदा मिनिटं! उठा साहेब, चढवा पँट!" गिऱ्हाईक पडद्याबाहेर येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि तोंडात बोटं घालायचं. वर्षभरात कोपऱ्यावरच्या सहापैकी दोन मशीन बंद पडून होत्या.

एवढ्यात पोस्टमन आला. मागोमाग मावशी आल्या, पीठ लागलेल्या हातांनी. टिकटिक आला, हातात धावायच्या शर्यतीचं घड्याळ घेऊन.

"टॉवेल कशाला?" पोस्टमननं विचारलं.

"प्रथा आहे," मावशी म्हणाल्या. "जा, जा, लाजू नकोस. माझ्या चार लेकांची ढुंगणं धुतलीत मी."

टिकटिकनं कळ दाबली आणि मास्तर सुटले. पहिल्या पायाची शिवण उसवली तेव्हाच हाताला जुनी लय सापडली. दुसरा पाय, खडू, कात्री. इस्त्रीचा चटका बसला तरी थांबले नाहीत. पाठीमागं शांतता होती. बडबड नव्हती, ती तेवढी टोचत होती. दुमड बसली, मशीन घरघरली. शेवटचा दोरा दातानं तोडून त्यांनी पँट पडद्यावरून आत फेकली आणि वळले.

"किती?"

टिकटिकनं घड्याळ मावशींना दाखवलं. मावशींनी लांब धरून वाचलं. "एकोणीस."

मास्तर स्टुलावर बसले. पोस्टमन नवी पँट घालून, खूश होऊन, शीळ घालत निघून गेला. त्याला एकोणीस मिनिटं म्हणजे चमत्कार होता.

"हरलो," मास्तर म्हणाले. "संपलं. शिडी दे रे तुझी, बोर्ड उतरवतो."

"बोर्डाला हात लावलास तर याद राख," टिकटिक म्हणाला. "पैज पँटची आहे. आणि तू काय नवीन हरलास? पंधरा मिनिटांत तू आयुष्यात कधी पँट केलेली नाहीस."

"काय बरळतोस?"

"माझ्या काउंटरवरून तुझं दुकान सरळ दिसतं, आणि माझ्याकडे घड्याळांना काय तोटा? शेकडो वेळा मोजलंय. एकोणीस. कधी वीस. गिऱ्हाईक पडद्यामागं गेलं, तू भिंतीकडे तोंड केलंस, की वहिनी फूटपट्टी घ्यायच्या आणि मोठा काटा पाच मिनिटं मागं ढकलायच्या."

भिंतीवरचं ते घड्याळ दिवसाला अर्धा तास मागं पडायचं. दर शनिवारी ते काखोटीला मारून मास्तर टिकटिककडे न्यायचे, आणि तो तासाभरानं परत द्यायचा, म्हणायचा, आता बघ. एक पैसा घ्यायचा नाही.

"त्यात बिघाड असेल तर दुरुस्त करू ना!" टिकटिक म्हणाला. "मी फडकं मारायचो आणि परत द्यायचो."

"आणि ज्यांच्या मनगटाला घड्याळ होतं ते?" मावशींनी विचारलं.

टिकटिक खाली बघू लागला. "त्यांना वहिनी सांगायच्या, तुमचं घड्याळ पुढं पळतंय, समोर दाखवून घ्या. यायचे बिचारे. मी झाकण उघडायचो, फुंकर मारायचो, बंद करायचो. माझं निम्मं दुकान त्यावर चाललं. मी कशाला बोलू?"

मावशींनी पदरात तोंड खुपसलं. खांदे गदागदा हलत होते.

मास्तर हसले नाहीत. घड्याळाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती गेल्यापासून ते मिनिटभरही मागं पडलेलं नाही. मला वाटायचं, शेवटी तू नीट केलंस."

टिकटिकनं नाक पुसलं आणि खेकसला, "आता हिशेब लक्षात घे, शहाण्या. तेव्हा दोघं मिळून एकोणीस. आज एकटा, या वयात, एकोणीस. कोण म्हणतं हात गेलाय?"

मास्तरांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. इस्त्रीचा चटका चांगलाच फुगला होता. मग कुठून तरी पोटातून त्यांना हसू फुटलं, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना. चाळीस वर्षं बाईनं गल्लीला बनवलं, कोपऱ्याला बनवलं, आणि नवऱ्यालाही सोडलं नाही!

त्यांनी लेकीला फोन लावला. "महिनाअखेर येतो गं. दोन दिवस. राहायला नाही. मागं काम आहे... हो, हो, जेवतो वेळेवर."

पँट कापायचा मान जिंकणाऱ्याचा. टिकटिकनं मास्तरांची कात्री घेतली, मोजलं, परत मोजलं, चष्मा बदलला आणि एका पायाला अर्धा तास लावला. तेही वाकडंतिकडं.

"या वेगानं कसा काय तग धरलास रे धंद्यात?" मास्तर म्हणाले.

"तुझी बायको होती म्हणून."

शाळेची घंटा झाली. मास्तर बेकरीच्या पायरीवरून उतरले, एक पाय झाकलेला, एक पांढराफटक नडगीसकट उघडा. पोरांचा लोंढाच मागं लागला. कोपऱ्यावरच्या काचेच्या दारातून मालक धावत बाहेर आला. "अहो मास्तर, हे काय?"

मास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले, छाती भरून श्वास घेतला आणि बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "पैज हरलो! पँटला पंधरा नाही, एकोणीस मिनिटं लागतात! तुम्हाला किती लागतात?"