विहाराची फरशी

सकाळी सातला वस्तीतल्या बुद्धविहाराची फरशी धुताना सुंदराबाईच्या टाचेत काच घुसली. तासाभरात वस्तीचे कारभारी जानराव यांनी बैठक बोलावली आणि देवमनला कामावर जाऊ दिलं नाही. १९६४ चा एप्रिल होता. अकोल्यात ऊन तेवढ्या सकाळीच चटके देत होतं.

देवमन मोझॅक फरशीच्या कारखान्यात हातप्रेसवर होता. तीन वर्षांपूर्वी वस्तीनं विहार बांधला तेव्हा भिंती, पत्रे आणि सिमेंटच्या पोत्यांतच वर्गणी संपली. संगमरवराची खडी परवडणार नव्हती. मग देवमननं औषधांच्या आणि सोड्याच्या फुटक्या बाटल्या जमवल्या. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, त्या पोत्यात घालून कुटल्या, धुतल्या, चाळल्या. मालकाच्या परवानगीनं तो सुटीच्या दिवशी प्रेस चालवी आणि सिमेंटात ती काच घालून फरश्या पाडी. घासल्यावर त्यांत हिरवे, निळे, तपकिरी ठिपके उजळले. परतवाड्याकडून लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा मुद्दाम पाहायला येत. फरशी बसली आणि त्याच पावसाळ्यात चतुराबाई हगवणीनं गेली.

गेल्या वर्षापासून फरशीवर जाळ्यासारख्या भेगा पडू लागल्या. त्यांतून पांढरा चीक येई आणि वाळून खपली धरी. काचेचे कण सुटू लागले. देवमन ते रोज पाहत होता. दाराकडे, जिथे धुण्याचं पाणी साचे, तिथं भेगा दाट होत्या. मूर्तीच्या ओट्यालगतच्या दोन ओळी बायका नुसत्या फडक्यानं पुसत. त्या धड होत्या. घरी कोरड्यात ठेवलेल्या उरल्यासुरल्या फरश्यांवर चरासुद्धा नव्हता. आत काय घडतं ते त्याला कळत नव्हतं. पाण्यानं घडतं, एवढं कळलं होतं.

एकदा त्यानं सुंदराबाईला आडून विचारलंही होतं की रोज एवढं पाणी कशाला. ती घडा उचलता उचलता म्हणाली होती, "लहानपनी विहिरीच्या काठाले हात लावू देत नव्हते, बापू. वरून कोनी ओतन तेवढं आपलं पानी. आता आपल्या फरशीवर आपन घडे वततो. वतू दे."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

बैठकीत रेल्वेतला शालिकराम आधी बोलला. "सोड्याच्या बाटल्या हायेत त्या. अजून फसफसून राह्यल्या."

दोघे-तिघे हसले. जानरावांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"देवमन, तू सांग. कावून झालं हे?"

सुंदराबाई खांबाला टेकून बसली होती. टाचेला हळदीची पट्टी होती. शेजारी रिकामा घडा होता. तो ती घरी ठेवून आली नव्हती. देवमननं तिच्याकडे पाहिलं, मग खाली.

"मसाला कच्चा राह्यला माहा," तो म्हणाला. "सिमेंट कमी पडलं."

"कमी पडलं का कमी टाकलं?" शालिकरामनं विचारलं.

"कमी टाकलं."

मागून कोणीतरी पुटपुटलं की वर्गणीतून तर पोती पुरेशी आली होती, मग उरली ती गेली कुठं. जानरावांनी ते ऐकलं. देवमननंही ऐकलं.

फरशी काढून साधा कोबा करायचं ठरलं. देवमननं दुसऱ्या कुणाला पहारीला हात लावू दिला नाही. वस्तीशेजारी राहणाऱ्या एका ओव्हरसिअरनं भेगाळलेला एक तुकडा कागदात गुंडाळून अमरावतीला नेला. तिथं त्याच्या ओळखीचं कोणी सिमेंटची पारख करी.

कोबा झाला त्या संध्याकाळी सुंदराबाई लंगडत आली. उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, "याच्यावर पानी कधी टाकाचं?"

"उद्यापासून टाका. लागते त्याले पानी. जेवढं टाकसान तेवढा पक्का होईन."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. जराशानं पुन्हा म्हणाली, "चतुराची फरशी लय चांगली दिसे पन."

देवमन थापी धूत राहिला.

ओट्यालगतच्या दोन ओळी त्यानं काढलेल्या नाहीत, आणि त्या काढ असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. कोबा आणि त्या ओळी यांच्यामध्ये त्यानं ओल्या मातीचा बोटभर उंच बांध घातला आहे. पाणी तुंबवायला गवंडी तसा बांध घालतातच, म्हणून कोणी काही विचारत नाही. बायका सकाळ-संध्याकाळ घडे ओततात. पाण्यानं माती विरघळते, आणि कामावर जाण्याआधी देवमन बांध पुन्हा लिंपतो. अमरावतीहून काही कळलेलं नाही. काल दिवेलागणीपर्यंत बांध धरून होता.