राणीचा धडा

चंद्रकांतअण्णांनी स्टुलावर चढून माळ्यावरची निळी फाईल ओढली आणि धुळीनं दोनदा शिंकले. खाली टीव्हीवर विधानसभेची मतमोजणी चालू होती. सुनेनं, गौरीनं, एका हातानं स्टूल धरलं होतं.

"अण्णा, अजून निकाल पूर्ण लागला नाही. संध्याकाळपर्यंत थांबा की."

"कशाला? शितावरून भाताची परीक्षा. सरकार बदललं समज."

मास्तरकी संपवून अण्णा मुलाकडे कानडी मुलखात, मारतहळ्ळीत राहायला आले, तेव्हापासून ते तिथल्या सरकारची कानडी पाठ्यपुस्तकं मराठीत आणत होते, सीमेवरच्या मराठी शाळांसाठी. सरकार बदललं की इतिहासातले दोन-चार धडे बाहेर जात, पुढचं आलं की परत येत. बाहेर गेलेला धडा अण्णा फाईलीत बांधून माळ्यावर टाकत. निळ्या फाईलीत तळं खोदणारी राणी होती. पाच वर्षांपूर्वी तिला काढून तिच्या जागी एक सरदार बसवला होता.

मराठी पुस्तक सगळ्यांत शेवटी छापलं जाई, पोरं मूठभर म्हणून. दिवाळीपर्यंत पोचलं तर नशीब. परीक्षेचा पेपर मात्र तालुक्यावरून नव्या पुस्तकाप्रमाणे वेळेवर येई. म्हणून अण्णा निकालाच्या दिवशीच अंदाज बांधत आणि खानापूरकडे अशाच एका शाळेत शिकवणाऱ्या पुतणीला, आसावरीला, धडा पाठवून देत. दोनदा अंदाज खरा ठरला होता. त्या शाळेत अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांनी राणीच्या चौदा पानांचे एकेक करून फोटो काढले आणि आसावरीला फोन लावला.

"जूनपासून हाच घे. सहामाहीला हाच येणार."

सरकार बदललं. राणी काही आली नाही. ऑगस्टमध्ये नव्या पाठ्यपुस्तक समितीचं पाकीट आलं. राणीवरून भांडण नको आणि सरदारावरूनही नको, म्हणून दोघांनाही घरी बसवलं होतं. त्या जागी शिलालेख कसे वाचतात, यावर एक धडा आला होता. अण्णांनी तो तीन दिवसांत मराठीत उतरवून दिला.

"आसावरीला कळवलंत?" गौरीनं विचारलं.

"सांगतो. स्वल्प थांब."

ते थांबणं महिनाभर चाललं. लाज वाटत होती, दुसरं काय. फोन करायचे, तिकडे पाऊस कसा आहे विचारायचे आणि ठेवून द्यायचे. पुस्तक शाळेत पोचलं की आपोआप कळेलच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे वर्गात मुलांना शेकडो वेळा सांगितलेल्या माणसाची ही गत.

सप्टेंबर संपता संपता, एका रविवारी आसावरीचाच फोन आला.

"काका, उद्या सहामाहीचा इतिहास. पुस्तक अजून नाहीच. पण तुमची राणी होती म्हणून निभावलं बघा. ही आमची कस्तुरी, सातवीतली. गेल्या वर्षी इतिहासात नापास होती. आता ऐका तिचं."

पोरीनं घसा खाकरला.

"'राणीनं पहिली कुदळ स्वतः मारली. लोक म्हणाले, बाईसाहेब, हात दुखतील. राणी म्हणाली, तहानेपेक्षा कमीच दुखतील...'"

अण्णांचीच वाक्यं. कुठं अडखळली नाही, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गौरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि सासऱ्यांकडे बघत राहिली.

"छान म्हटलंस, बाळ," अण्णा म्हणाले. "बाईंना दे फोन."

"बोला काका."

"तो धडा नाही आहे, आसावरी. दुसरा आहे. मला ऑगस्टपासून माहीत आहे."



"उद्या अकराला पेपर आहे, काका," एवढंच ती म्हणाली.

"मी आत्ता पाठवतो. आत्ता लगेच."

फोन चालूच होता. मागून पोरीचा आवाज आला, अगदी सरळ, चौकशी करावी तसा.

"बाई, मग हे पाठ केलेलं कुठं लिहायचं?"

अण्णांनी नव्या धड्याची पानं टेबलावर मांडली. पहिल्या पानाचा फोटो त्यांनी काढला आणि पाठवून दिला.